‘प्रोपगंडा’ला मराठीत काय म्हणायचं? आधी साल बघा, मग बाजू

तुमचा प्रश्न मी असा वाचला. आजोबांनी १९१२ ते १९४३ या काळात गिरगावात लिहिलेली इंग्रजी रोजनिशी तुम्ही मराठीत आणताय. तीत ‘प्रोपगंडा’ हा शब्द पाच ठिकाणी येतो. १९१३ मध्ये आजोबा स्वतः रविवारी ‘टेम्परन्स प्रोपगंडा’साठी चाळीचाळींतून हिंडल्याचं अभिमानानं लिहितात. १९१७ मध्ये ‘जर्मन प्रोपगंडा’. १९२४ मध्ये शेजारचं एक ख्रिस्ती कुटुंब ‘प्रोपगंडा पॅरिश’मधलं असल्याचा उल्लेख. १९३१ मध्ये ‘खादी प्रोपगंडा’. आणि १९४२ मध्ये एका नोंदीच्या शेवटी नुसतं ‘ऑल प्रोपगंडा’. तुम्ही कोशातून ‘अपप्रचार’ हा शब्द घेतला, पाचही ठिकाणी घातला, आणि वाचताना लक्षात आलं की यानं आजोबाच दारूबंदीबद्दल आणि खादीबद्दल खोटं पसरवत होते असं वाटतंय. म्हणून तुम्ही विचारलंत: हा शब्द मुळात चांगला होता की वाईट, आणि त्याला एकच नेमका मराठी शब्द कोणता?

एकच शब्द मिळणार नाही. भाषांतर करणारे आम्ही लोक अशा शब्दाला तीन प्रश्न विचारतो: वाक्य कोणत्या सालचं, बोलणारा स्वतःच्या बाजूबद्दल बोलतोय की समोरच्याच्या, आणि शब्द कशाला जोडून आलाय. ‘मुळात चांगला की वाईट’ हा प्रश्न मी बाजूला ठेवायला सांगेन, कारण एकाच दशकात, एकाच शहरात हा शब्द एका घरात आदराचा आणि दुसऱ्या घरात शिवीसारखा होता. ते कसं, हे कळायला शब्दाचा प्रवास बघावा लागतो.

मूळ शेतीतलं आहे. लॅटिनमध्ये ‘प्रोपागो’ म्हणजे वेलीचा दाबून रुजवलेला फाटा. आपल्याकडचं दाबकलमच. आईवेलीची लवचीक फांदी खाली वाकवायची, मधला एखादा डोळा मातीत दाबायचा, शेंडा वर मोकळा ठेवायचा, मुळं धरली की आईपासून तोडून वेगळं रोप करायचं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या कॅटो या रोमन लेखकानं शेतीवर लिहिताना ही कृती दिलीय, झाडावरच फांदी टोपलीत किंवा मडक्यात मातीत दाबण्यासकट. त्यावरून ‘प्रोपागारे’ हे क्रियापद आलं. त्याचे अर्थ कलम करून वाढवणे, वंश पुढे नेणे आणि राज्याची हद्द वाढवणे. वाऱ्यानं बी उडून कुठंतरी रुजणं यात बसत नाही. कुणीतरी मुद्दाम वाकून फांदी दाबलेली असते. मराठीत ही छटा ‘प्रसार’मध्ये नसते, ‘प्रचार’मध्ये असते. रोगाचा प्रसार होतो, पण रोगाचा प्रचार कुणी करत नाही. हा फरक मनात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

‘प्रोपगंडा’ हे रूप व्याकरणाच्या अंगानं आपल्याला परकं नाही. संस्कृतातून आलेली ‘कर्तव्य’, ‘वाचनीय’, ‘पूजनीय’ ही रूपं घ्या: जे करायचं आहे ते, जे वाचण्याजोगं आहे ते. लॅटिनमधलं हे रूप त्याच घडणीचं, म्हणजे ‘प्रसारणीय’. ते विशेषण आहे, आणि विशेषणाला नाम लागतं. ते नाम होतं ‘फिदेस’, श्रद्धा. ‘दे प्रोपागांदा फिदे’ म्हणजे ‘जिचा प्रसार करायचा आहे त्या श्रद्धेविषयी’. पुढे बोलण्यात श्रद्धा गळाली आणि विशेषण तेवढं उरलं, जसं आपण सार्वजनिक बांधकाम विभागाला नुसतं ‘बांधकाम’ म्हणतो. ‘अजेंडा’ हा शब्दही याच घडणीचा: करावयाच्या गोष्टी. सभेच्या कागदावर तो अजून निर्मळ आहे, पण ‘त्यांचा अजेंडा’ म्हटलं की मराठीतही कपाळावर आठी येते.

हे शब्द रोममधल्या एका कार्यालयाच्या नावातले. आता ते कार्यालय. ६ जानेवारी १६२२ रोजी पोप पंधरावे ग्रेगरी यांनी रोममध्ये कार्डिनलांची, म्हणजे पोपखालच्या सर्वांत वरच्या धर्माधिकाऱ्यांची, एक कायमची समिती बसवली आणि २२ जूनला तिचं रीतसर फर्मान निघालं. तिच्यात १३ कार्डिनल होते, आणि पहिले सचिव फ्रान्चेस्को इंगोली यांनी १६४९ पर्यंत काम पाहिलं. १६२६ मध्ये समितीचा स्वतःचा बहुभाषी छापखाना आला, १६२७ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी मिशनरी तयार करणारं विद्यालय काढलं. हे सगळं एका हेतूनं चाललं होतं. तोवर आशियातलं आणि अमेरिकेतलं धर्मप्रसाराचं काम पोर्तुगाल आणि स्पेनच्या राजांच्या हाती होतं. बिशप कोण, चर्च कुठं, मिशनरी कोणत्या जहाजानं जाणार, हे राजा ठरवायचा. पोर्तुगीज राजाच्या या हक्काला ‘पाद्रुआदो’ म्हणत. रोमला ही सूत्रं स्वतःकडे घ्यायची होती, आणि युरोपात प्रोटेस्टंटांकडे गेलेला मुलूखही परत मिळवायचा होता. म्हणजे हा शब्द जन्मापासून माणसं, पैसा, छापखाना आणि शिकवणी असलेल्या यंत्रणेचं नाव आहे. चारशे वर्षांत अर्थ कितीही बदलले तरी त्यातला यंत्रणेचा वास गेलेला नाही, आणि प्रतिशब्द निवडताना मी तोच हुंगतो.

या कार्यालयाबद्दल एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण आजचा अर्थ डोक्यात ठेवून ती ऐकली की धक्का बसतो. १६५९ मध्ये त्यानं पूर्वेकडे जाणाऱ्या आपल्या बिशपांना लेखी सूचना दिल्या: तिथल्या लोकांचे रीतिरिवाज धर्माला आणि नीतीला उघड विरोधी नसतील तर ते बदलायला लावू नका, फ्रान्स, स्पेन किंवा इटली उचलून चीनमध्ये नेण्यासारखा दुसरा वेडेपणा नाही.

कोकण आणि गोवा यांचा याच्याशी थेट संबंध आला. दिवाडी बेटावरच्या मातेउस द कास्त्रो या गोवेकर ब्राह्मण घराण्यातल्या धर्मगुरूंना या समितीनं १६३७ मध्ये बिशप केलं आणि आदिलशाही मुलखासाठी नेमलं. गोव्यातल्या पोर्तुगीज सत्तेनं त्यांना मानलं नाही, तेव्हा त्यांनी पोर्तुगीज हद्दीबाहेर, डिचोलीला ठाणं केलं. समितीच्या रोममधल्या छापखान्यानं १७७१ मध्ये देवनागरीचे खिळे वापरून नागरी लिपीची ओळख करून देणारं लॅटिन पुस्तक काढलं, आणि १७७८ मध्ये मराठीचं पोर्तुगीजमधून लिहिलेलं व्याकरण छापलं. मराठीच्या मुद्रणाचा अभ्यास करणाऱ्याला मुखपृष्ठावर खाली ‘प्रोपागांदा फिदे’ हे नाव दिसतं. तिथं तो छापखान्याचा पत्ता आहे, त्यात निंदा शोधू नये.

तुमची १९२४ ची नोंद याच धाग्यात येते. १७९४ पासून मुंबईत कॅथलिकांवर दुहेरी अंमल होता: काही चर्चं पाद्रुआदोकडे, काही प्रोपगंडाकडे. एकाच वस्तीत दोन्ही प्रकारची चर्चं असत, आणि आपण कोणत्या बाजूचे हे प्रत्येक घराला नीट ठाऊक असे. रोम आणि पोर्तुगाल यांच्या करारानं १९२८ मध्ये हा दुहेरी कारभार संपला. त्यामुळे १९२४ मध्ये शेजारी ‘प्रोपगंडा पॅरिश’चे होते याचा अर्थ एवढाच की त्यांचं चर्च थेट रोमच्या अधिकाराखालचं होतं. तुमच्या कच्च्या खर्ड्यातला ‘अपप्रचारी चर्च’ हा शब्दप्रयोग आजच काढून टाका. ‘प्रोपगंडाच्या (रोमच्या) अधिकाराखालच्या धर्मग्रामातलं कुटुंब’ असं लिहा आणि खाली दोन ओळींची टीप द्या. मराठीभाषक ख्रिस्ती लोक पॅरिशला धर्मग्राम म्हणतात, तोच शब्द इथं योग्य. मूळ इंग्रजीत या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं आहे का तेही तपासा. असलं तर ते विशेषनाम आहे, आणि विशेषनामाचं भाषांतर करायचं नसतं. या समितीचं अधिकृत नाव १९६७ मध्ये बदलून त्यात ‘लोकांना शुभवर्तमान सांगणारी’ अशा अर्थाचा शब्द आला, आणि २०२२ च्या फेररचनेत ती दुसऱ्या विभागात सामावली गेली. आजच्या कागदपत्रांत जुनं नाव इतिहास म्हणूनच भेटतं.

कॅथलिक देशांत हा शब्द आदराचा असताना इंग्लंडसारख्या प्रोटेस्टंट देशात तो पहिल्यापासून संशयाचा होता. रोमहून चालणारी, दूरवर माणसं पेरणारी यंत्रणा, असा. १७९० नंतर फ्रेंच क्रांतीचे विचार शेजारच्या देशांत पोचवणाऱ्यांना हाच शब्द लागला आणि तो धर्मातून राजकारणात आला. १८४२ च्या ब्रँड यांच्या इंग्रजी कोशात त्याची व्याख्या अशा अर्थाची आहे: बहुतेक सरकारं ज्या मतांकडे भीतीनं आणि तिटकाऱ्यानं बघतात ती मतं पसरवणाऱ्या गुप्त मंडळ्यांना निंदेनं लावायचा शब्द. तेव्हा ‘पूर्वी चांगला होता, हिटलरनं बिघडवला’ हे जे सगळीकडे वाचायला मिळतं, ते अर्धवट आहे.

तरीही १८८० ते १९१४ या काळात एक मोठा, स्वच्छ वापर दिसतो, आणि तुमच्या आजोबांची १९१३ ची नोंद त्यातली आहे. समाजसुधारक, दारूबंदीवाले, स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणारे, समाजवादी, सगळे आपल्या कामाला उघडपणे प्रोपगंडा म्हणत. रशियन समाजवाद्यांनी तर त्याची काटेकोर वाटणी केली. प्लेखानोव्ह यांनी मांडलेली आणि लेनिननं १९०२ मध्ये उचललेली ती अशी: थोड्या माणसांना पुष्कळ विचार समजावून देणं म्हणजे प्रोपगंडा, आणि पुष्कळ माणसांना एकच विचार भिडवणं म्हणजे अॅजिटेशन. या हिशेबात प्रोपगंडा म्हणजे अभ्यासवर्ग. आज आपण नेमकं उलटं समजतो. मराठीत कम्युनिस्ट चळवळीतले जुने कागद आणणाऱ्यांनी इथं विशेष जपावं: त्यांची ‘प्रचार आणि आंदोलन’ ही जोडी म्हणजे दोन वेगळी कामं आहेत, एकाच कामाची पुनरुक्ती नाही.

सगळ्यात बोलका पुरावा मला अमेरिकेतला वाटतो. तिथल्या डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेत, अमेरिकन मेडिकल असोसिएशनमध्ये, भोंदू औषधांचं पितळ उघडं पाडणारा विभाग होता. खोट्या जाहिरातींविरुद्ध लढणाऱ्या त्या विभागाचं नावच ‘प्रोपगंडा डिपार्टमेंट’ होतं. १९२५ मध्ये ते बदलून ‘ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेशन’ केलं. १९२५ पर्यंत त्या नावाखाली बसणं अवघड झालं होतं. मधे काय झालं, तर पहिलं महायुद्ध.

सप्टेंबर १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारनं लंडनमध्ये वेलिंग्टन हाउस इथं चार्ल्स मास्टरमन यांच्या हाताखाली युद्धप्रचाराची एक गुप्त कचेरी उघडली. तिथं तयार झालेली पुस्तकं नामवंत लेखकांच्या नावानं आणि नेहमीच्या प्रकाशकांकडून बाजारात येत, सरकारचं नाव कुठं नसे. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिकेत युद्धप्रचारासाठी जॉर्ज क्रील यांची सरकारी समिती आली. तिनं चित्रपटगृहांत रीळ बदलताना चार मिनिटं बोलणारे सुमारे ७५,००० स्वयंसेवक वक्ते उभे केले. त्याच एप्रिलमध्ये लंडनच्या वृत्तपत्रांत बातमी आली की जर्मन लोक आपल्याच सैनिकांच्या प्रेतांपासून चरबी काढण्याचा कारखाना चालवतात. लोकांनी ती खरी मानली. डिसेंबर १९२५ मध्ये परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी ब्रिटिश संसदेत ती निराधार असल्याचं मान्य केलं. यानं शब्दाचा घात केला. त्याहून वाईट म्हणजे लोकांचा विश्वास गेला: दुसऱ्या महायुद्धात छळछावण्यांच्या खऱ्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा अनेकांनी त्या ‘मागच्यासारखाच प्रोपगंडा’ म्हणून झटकल्या. शब्दाचा अर्थ नीट ठेवणं हे केवळ कोशकारांचं काम का नाही, ते मला इथं दिसतं.

पुढचं भराभर सांगतो. १९२८ मध्ये एडवर्ड बर्नेझ या अमेरिकेतल्या प्रसिद्धीच्या धंद्यातल्या माणसानं याच नावाचं पुस्तक लिहून शब्द पुन्हा प्रतिष्ठित करायचा प्रयत्न केला. तो जमला नाही, आणि धंद्याला ‘पब्लिक रिलेशन्स’ हे नाव चिकटलं. आपला ‘जनसंपर्क’ त्याचंच भाषांतर. १३ मार्च १९३३ रोजी जर्मनीत गोबेल्सच्या हाताखाली ‘लोकप्रबोधन आणि प्रचार’ या नावाचं मंत्रालय झालं. तिथं शब्दाला मान होता, इतका की १९३७ मध्ये वृत्तपत्रांना आदेश गेला: हा शब्द आपल्या राज्याच्या कामासाठीच वापरा, शत्रूच्या किंवा साबणाच्या जाहिरातीसाठी नको. ‘एकच खोटं शंभरदा सांगा म्हणजे ते खरं वाटतं’ हे वाक्य आपण गोबेल्सच्या नावावर खपवतो, पण ते त्याच्या लेखनात सापडत नाही. १९४१ च्या एका लेखात तो उलट इंग्रजांवरच आरोप करतो की ते मोठं खोटं बोलतात आणि त्यालाच चिकटून राहतात. म्हणून भाषांतरात ‘गोबेल्सनीती’ हा मराठी शब्द मी १९३३ च्या आधीच्या मजकुरात कधी घालत नाही, आणि नंतरच्याही मजकुरात मूळ लेखकानं गोबेल्सचं नाव घेतलं असेल तरच.

‘बाजू’ का बघायची, याचा पुरावा कायद्यातही आहे. अमेरिकेच्या १९३८ च्या एका कायद्यात परदेशी संस्थांसाठी काम करणाऱ्यांच्या साहित्याला ‘राजकीय प्रोपगंडा’ असं नाव होतं. तीन कॅनेडियन माहितीपटांना हे नाव लागलं तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८७ मध्ये न्यायालयानं म्हटलं की कायद्यातला हा शब्द तटस्थ आहे. रस्त्यावरच्या माणसाला तो तटस्थ वाटत नव्हता, आणि १९९५ मध्ये कायद्यातून तो काढून ‘माहितीपर साहित्य’ असा शब्द घातला. चीनमध्ये सत्ताधारी पक्षाच्या विभागाचं चिनी नाव तेच राहिलं, इंग्रजी नाव मात्र ‘प्रोपगंडा’वरून ‘पब्लिसिटी’ झालं. आणि पोर्तुगीज-स्पॅनिशमध्ये आजही दुकानाच्या जाहिरातीला प्रोपगंडा म्हणतात. गोव्यातली जुनी पोर्तुगीज वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, नाहीतर कापडाच्या जाहिरातीत राजकारण दिसू लागतं.

आता आपल्या शब्दांकडे. इथं मी सावकाश जातो, कारण चुका इथंच होतात.

‘प्रचार’ मराठीत अजून चांगला शब्द आहे. ‘ही चाल प्रचारात आहे’ म्हणजे रूढ आहे. निवडणुकीत प्रचाराचा नारळ फुटतो, प्रचारफेऱ्या निघतात, मतदान संपण्याच्या ४८ तास आधी प्रचाराच्या तोफा थंडावतात, आणि कुणाला यात फसवणुकीचा वास येत नाही. संस्थांची नावं बघा: काशीची नागरी प्रचारिणी सभा १८९३ ची, मद्रासची दक्षिण भारत हिंदी प्रचार सभा १९१८ ची, वर्ध्याची राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ ची. केंद्र सरकारच्या फिल्ड पब्लिसिटीच्या कार्यालयांवर २०१७ मधल्या विलीनीकरणापर्यंत ‘क्षेत्रीय प्रचार’ अशीच पाटी असे. म्हणजे इंग्रजीतले प्रोपगंडा, पब्लिसिटी आणि कॅम्पेन हे तिन्ही शब्द आपल्याकडे एका ‘प्रचारा’त मावतात. ही त्याची ताकद आहे आणि अडचणही: इंग्रजीत ज्या शब्दावर भुवई उंचावते, तो ‘प्रचार’ केला की भुवई खाली येते.

‘अपप्रचार’मध्ये खोटेपणा आणि बदनामी दोन्ही पक्की आहेत. ‘आमच्याविरुद्ध अपप्रचार चाललाय’ म्हणजे आमच्याबद्दल खोटं पसरवलं जातंय. प्रोपगंडा मात्र पूर्णपणे खऱ्या आकड्यांचाही असू शकतो. कोणते आकडे दाखवायचे आणि कोणते झाकायचे, यात त्याचं काम असतं. १९३७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये या विषयाच्या अभ्यासासाठी निघालेल्या संस्थेनं सात क्लृप्त्यांची यादी केली होती. त्यात सोयीचे तेवढेच पत्ते मांडणं, नामवंताची साक्ष काढणं, मी तुमच्यातलाच साधा माणूस म्हणणं, सगळे निघालेत तुम्हीही या म्हणणं, अशा गोष्टी आहेत. यातल्या बहुतेकांना खोटं बोलावंच लागत नाही. म्हणून ‘अपप्रचार’ तिथंच वापरा जिथं लिहिणारा स्पष्ट सांगतोय की हे खोटं आहे.

‘प्रचारकी’ हे विशेषण आपल्या साहित्यसमीक्षेत रुळलंय. प्रचारकी कादंबरी म्हणजे खोटी कादंबरी नव्हे. संदेशानं पात्रांचा गळा धरलाय अशी. साहित्य, चित्रपट, नाटक यांबद्दल बोलणं असेल तर याहून नेमका शब्द नाही. ‘प्रचारतंत्र’ आणि ‘प्रचारयंत्रणा’ यांत फरक ठेवा: तंत्र म्हणजे करण्याची हातोटी, यंत्रणा म्हणजे माणसं, कचेऱ्या, छापखाने. इंग्रजी वाक्यात ‘प्रोपगंडा’नंतर खर्च, विभाग, मंत्री असे शब्द आले तर ‘प्रचारयंत्रणा’ बसतं. ‘लोकजागृती’ आणि ‘प्रबोधन’ हे शब्द मोहात पाडतात, पण ते फार गोड आहेत. लेखकानं प्रोपगंडा म्हटलं आणि तुम्ही प्रबोधन केलं, तर तुम्ही त्याच्या वतीनं प्रचार केलात.

आणि मग तसाच ठेवलेला ‘प्रोपगंडा’. बोलण्यात ‘प्रपोगंडा’ असं अक्षरांची अदलाबदल झालेलं रूपही ऐकू येतं. ते संवादात ठेवावं, निवेदनात नको. मराठीत हा उसना शब्द फक्त आरोपाचा आहे. आपल्या कामाला ‘आमचा प्रोपगंडा’ म्हणणारा मराठी माणूस मला भेटलेला नाही. त्यामुळे आजच्या काळातल्या, दुसऱ्याकडे बोट दाखवणाऱ्या वाक्यात तो चपखल बसतो. १९१३ च्या आजोबांच्या तोंडी मात्र तो घालू नका. तेव्हाचा त्यांचा इंग्रजी शब्द आणि आजचा आपला मराठी शब्द दिसायला एक आहेत, पण दोघांत महायुद्ध आहे.

आता तुमच्या नोंदी. १९१३: स्वतःचं काम, स्वच्छ काळ, अभिमानाचा सूर. ‘दारूबंदीच्या प्रचारासाठी रविवारी चाळीचाळींतून हिंडलो.’ टीप लागत नाही. १९३१ ची खादीही तशीच, ‘खादीचा प्रचार’. साल युद्धानंतरचं असलं तरी हिंदुस्थानातल्या इंग्रजीत जुना अर्थ बराच टिकला होता. गांधीजींच्या इंग्रजी लेखनात खादीच्या कामाबद्दल हा शब्द सहज येतो. म्हणजे तीन प्रश्नांत साल हे पहिलं असलं तरी निर्णय देणारं नाही. साल आणि बाजू एकमेकांविरुद्ध गेले तर मी बाजूचं ऐकतो.

१९१७ ची नोंद परिस्थितीवर अवलंबून आहे. ती मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रातून उचललेली दिसते, आणि तिथं ‘जर्मन’ म्हणजे शत्रूचा. पण त्या काळात बर्लिनमध्ये हिंदी क्रांतिकारकांची समितीही जर्मन सरकारच्या मदतीनं पत्रकं काढत होती. आजोबांच्या डोळ्यांसमोर युद्धाच्या बातम्या होत्या की अशी पत्रकं, हे आदल्या-नंतरच्या चारपाच दिवसांच्या नोंदींवरून ठरवा. दोन्ही ठिकाणी शब्द मी ‘जर्मनांचा प्रचार’ हाच ठेवीन. ‘खोडसाळ’, ‘विखारी’ असलं विशेषण पदरचं जोडणार नाही. दुसरी शक्यता खरी निघाली तर टीप मात्र द्यावीच लागेल, कारण मग ‘जर्मन’ या शब्दाखाली आपलीच माणसं झाकली जातायत.

१९४२ ची सगळ्यात नाजूक. ‘ऑल प्रोपगंडा’ कशाबद्दल? त्या वर्षी मुंबईत रेडिओ लावणाऱ्याला सरकारी बातम्या ऐकू येत, बर्लिनहून सुभाषबाबूंचं आझाद हिंद केंद्र बोलत होतं, आणि ऑगस्ट ते नोव्हेंबर याच शहरातून काँग्रेस रेडिओ गुप्तपणे चालत होता. नोंदीची तारीख ऑगस्टच्या आधीची की नंतरची ते बघा. त्याच पानावर कोणतं केंद्र लावलं होतं याचा काही मागमूस आहे का तेही बघा. नसला तर तुमच्या भाषांतरातही तो नसावा. ‘सगळा सरकारी अपप्रचार’ असं लिहिलंत तर आजोबांची बाजू तुम्ही ठरवलीत. मराठीत यासाठी एक साधा शब्द हाताशी आहे, ‘नुसता’. ‘नुसता प्रचार.’ यात विश्वास बसत नसल्याचं कळतं, वैताग कळतो, पण बातमी खोटी होती असा दावा होत नाही आणि ती कोणाची होती हेही उघडं राहतं, मूळ ओळीत राहिलंय तेवढंच.